गेंकचं मैदान, नऊ वर्षांचा मुलगा आणि वीस नंबरची जर्सी

बेल्जियममधल्या लूवनमध्ये राहून मला अकरा वर्षं झाली. इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर दर महिन्याला कुणीतरी विचारतंच, "पोरांना घेऊन फुटबॉलची मॅच बघायला कुठं जावं?" उत्तरं ठरलेली असतात, अँडरलेख्त नाहीतर ब्रुज. मी दर वेळी गेंक लिहिते आणि दर वेळी "एवढ्या लांब कशाला?" असा प्रश्न येतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. हा अनुभव एका मॅचचा नाही. ओंकारला, म्हणजे माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला, घेऊन मी चार वेळा तिथं गेले आहे.

आधी माझं सांगते, म्हणजे मत कुठून येतंय ते कळेल. मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. आबा मला सायकलच्या दांडीवर बसवून शाहू स्टेडियमला न्यायचे. पाटाकडील आणि शिवाजी या पेठांमधल्या संघांची मॅच असली की आमच्या घरी त्या दिवशी स्वयंपाक लवकर व्हायचा. तेव्हा स्टेडियमवर बायका फारशा नसायच्या, पण आबांना त्याचं काही वाटायचं नाही. "बघ, तो सातनंबरी कसा बॉल थांबवतोय," एवढंच ते बोलायचे. बॉल पायाशी आल्यावर खेळाडू पहिलं काय करतो, त्यावरून तो कोण आहे ते कळतं, हे मी त्या दांडीवर शिकले. आजही मॅच मी तशीच बघते.

गेंकला जायचं तर लूवनहून हॅसेल्टमार्गे थेट आगगाडी आहे. गेंक स्टेशनवरून पुढं बस. स्टेडियमचं सध्याचं नाव सेगेका अरेना, पण पूर्वी ते फेनिक्स होतं, क्रिस्टल होतं, ल्युमिनस होतं. जुनी माणसं अजून जुनीच नावं घेतात, गोंधळून जाऊ नका. साधारण चोवीस हजार माणसं मावतात. मधे धावपट्टी नाही, त्यामुळं खालच्या रांगांतून खेळाडूचा श्वास ऐकू यावा इतकं अंतर राहतं. मुलांसाठी मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मोठ्या शहरातल्या मोठ्या स्टेडियमात वरच्या मजल्यावर बसवलेलं मूल अर्ध्या तासात मोबाइल मागतं. ओंकारनं इथं एकदाही मागितला नाही.

शक्य असेल तर वॉर्मअपच्या आधी पोचा, निदान पाऊण तास. मॅचइतकाच मोलाचा वेळ तो असतो, कारण तेव्हा तुम्हाला गेंकचा तरुण खेळाडू कॉन्स्टँटिनोस करेत्सास अगदी जवळून बघायला मिळतो.

पहिल्यांदा बघितला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. गाल अजून पोरसवदा, अंगानं बारीक, बाजूच्या धिप्पाड गड्यांमध्ये कुणाचा तरी धाकटा भाऊ चुकून आत आलाय असं वाटावं. मग कुणीतरी त्याच्याकडे लांबून उंच बॉल टाकला. तो खाली येईपर्यंत ह्यानं एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं मान वळवून बघितलं आणि डाव्या पायानं बॉल असा खाली घेतला की तो उसळलाच नाही. ताकाच्या भांड्यात लोण्याचा गोळा अलगद सोडावा तसा. पुढच्या क्षणी तो बॉल दुसऱ्याच्या पायात होता. मला एकदम दांडीवरचे आबा आठवले. ओंकार म्हणाला, "आई, परत टाकायला सांग ना त्यांना."

त्याचा जन्म 19 नोव्हेंबर 2007 चा, याच गेंक गावातला. बॉल खेळायला शिकला इथंच. मधली काही वर्षं अँडरलेख्तच्या अकादमीत काढली आणि 2023 ला परत गावात आला. जाँग गेंक, म्हणजे क्लबचा पोरांचा संघ, बेल्जियमच्या दुसऱ्या श्रेणीत मोठ्या माणसांच्या संघांशी खेळतो. त्यात हा पंधराव्या वर्षी उतरला. आपल्याकडं त्या वयात पोरगं नववी-दहावीच्या क्लासच्या चकरा मारत असतं. 2024-25 च्या मोसमात तो मोठ्या संघात आला. त्या मोसमात गेंकनं साखळीचे तीस सामने संपेपर्यंत सगळ्यांच्या वर जागा राखली. विजेतेपद शेवटी प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या फेरीत, युनियन सँ-जिलुआझकडं गेलं, त्याची हळहळ इथल्या लोकांना अजून आहे. पण तुम्ही कुणाशीही बोला, ते त्या मोसमाबद्दल सांगताना आधी या पोराचं नाव घेतात आणि मग हुकलेल्या कपाचं.

गेंकचं हे नवीन नाही. थिबो कुर्त्वा आणि केविन डी ब्रॉयना दोघंही इथून पुढं गेले. 2011 ला गेंकनं लीग जिंकली तेव्हा ते दोघं त्या संघात होते. कुर्त्वा तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा आणि गोलमध्ये पहिल्या पसंतीचा. म्हणजे कोवळ्या पोरावर भरवसा टाकायची या गावाला सवय आहे. ती सवय स्टँडमध्ये बसल्यावर कानांनी कळते. एका मॅचमध्ये करेत्साससाहेबांनी (आमच्या घरात त्याला हेच नाव पडलंय) उजव्या बाजूनं आत शिरून दोन माणसांना हूल दिली आणि तिसऱ्याच्या पायात बॉल घालवला. दुसऱ्या गावात अशा वेळी शिट्ट्या पडतात. माझ्या शेजारच्या आजी, निळा मफलर गुंडाळलेल्या, सत्तरीच्या, उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवून ओरडल्या. डच मला बऱ्यापैकी समजतं. त्या म्हणत होत्या, "परत कर, पोरा, परत कर!" आणि त्यानं पाच मिनिटांत परत तेच केलं. या वेळी तिसराही मागं राहिला.

स्टेडियम वाटरस्खाय भागात आहे आणि तिथली जुनी कोळशाची खाण आता थोर पार्क झाली आहे. मॅच दुपारची असेल तर तिकडं एक चक्कर टाका, खाणीची जुनी इमारत बघण्यासारखी आहे. लिम्बुर्ख प्रांतात 1901 मध्ये आस या गावी कोळसा सापडला, आणि गेंकच्या हद्दीत तीन खाणी झाल्या: विंटरस्लाख, वाटरस्खाय, झ्वार्टबर्ख. त्या आधी गेंक म्हणजे माळरानावरचं खेडं होतं. खाणीत उतरायला माणसं बाहेरून आणली, बरीचशी इटलीची. 1956 च्या ऑगस्टमध्ये दक्षिण बेल्जियममधल्या मार्सिनेलच्या खाणीत आग लागून 262 माणसं गेली, त्यातली 136 इटालियन. इटलीनं माणसं पाठवणं थांबवलं, तेव्हा बेल्जियमनं स्पेनशी आणि 1957 मध्ये ग्रीसशी करार केला. नंतर तुर्की आणि मोरोक्कोची माणसं आली. आज गेंकमध्ये ग्रीक आडनाव ऐकून कुणी वळून बघत नाही, ते यामुळं.

आणि क्लबसुद्धा खाणीतूनच वर आलाय. वाटरस्खायचा एक संघ, विंटरस्लाखचा एक संघ, दोघांचं एकमेकांशी पटायचं नाही. वाटरस्खायची खाण 1987 ला बंद पडली, विंटरस्लाखची 1988 ला. त्याच 1988 मध्ये दोन्ही संघ एक झाले आणि केआरसी गेंक उभा राहिला. हे मी आबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पाटाकडील आणि शिवाजी एक झाल्यासारखंच की गं. पेठांमधल्या माणसांनी ते कसं पचवलं असंल?" त्यांना तो प्रश्न खरोखरच पडला होता. हातातलं काम एकाच वर्षाच्या अंतरानं गेलं की माणसं काय काय पचवतात, ते मला गेंकला जाऊन थोडंफार समजलं.

आता जेवणाचं. स्टेडियममधले बटाट्याचे काप, म्हणजे इथले फ्रीत, गरम आणि जाड मिळतात. आंदालूझ सॉस मागा, जरा तिखटपणा असतो त्याला. शाकाहारी माणसाची भूक त्यावर भागते, पण जेवण झालं असं वाटत नाही. म्हणून मी सांगेन की मॅचच्या आधी किंवा नंतर विंटरस्लाखच्या फेनस्ट्राटला जा. पूर्वी खाण कामगारांच्या वस्तीतला बाजार होता तो. आता त्या एका रस्त्यावर इटालियन, तुर्की, ग्रीक खाणं सगळं ओळीनं आहे. आम्ही एका छोट्या ग्रीक खानावळीत बसतो. आठ टेबलं, भिंतीवर बंदराचा फोटो. तिथं टोमॅटोच्या रश्शात शिजवलेल्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या बिया मिळतात, आपल्या डबल बीच्या उसळीची मोठी बहीण. सोबत काकडी-लसणाचं घट्ट दही. दोन्ही घ्या, पाव वेगळा मागावा लागत नाही.

याच खानावळीत मी 23 मार्च 2025 ची संध्याकाळ काढली, आणि तिच्यामुळंच मी हे सगळं लिहायला बसले.

झालं असं होतं की करेत्सास बेल्जियमच्या वयोगटांच्या संघांतून खेळलेला होता. बेल्जियमनं त्याला पुढं न्यायचं ठरवलेलंच होतं. पण घर ग्रीक. मार्च 2025 मध्ये त्यानं ग्रीसची निवड केली. प्रशिक्षक इव्हान योव्हानोव्हिच यांनी लगेच बोलावलं. नेशन्स लीग या युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत वरच्या गटात जाण्यासाठी स्कॉटलंडशी दोन सामने होते. 20 मार्चला ग्रीसमधल्या पिरेअसला तो बदली खेळाडू म्हणून उतरला, ग्रीस 1-0 ने हरला. तीन दिवसांनी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर परतीचा सामना, आणि योव्हानोव्हिच यांनी याला पहिल्या अकरात घातलं. वय सतरा वर्षं चार महिने.

खानावळीत तीसेक माणसं होती. अर्धी ग्रीक, बाकी आमच्यासारखी भटकी. विसाव्या मिनिटाला कॉन्स्टँटेलियासनं गोल केला तेव्हा टेबलावरचे ग्लास हलले. पण 42 व्या मिनिटाला करेत्सासचा डावा पाय फिरला आणि बॉल जाळ्यात गेला, तेव्हा आधी क्षणभर कुणीच ओरडलं नाही. मग एकदम सगळे. खिडकीजवळ एक आजोबा बसले होते, बोटांच्या सांध्यांवर निळसर डाग. कोळशाच्या धुळीत झालेल्या जखमा कातडीखाली तशाच राहतात, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, टेबलावरच्या कागदी रुमालानं पुसला, घातला, परत काढला, परत पुसला. ओंकार त्यांच्याकडंच बघत होता. हाफ टाइमनंतर लगेचच त्झोलिसनं तिसरा मारला. हा त्झोलिस क्लब ब्रुजचा, म्हणजे गेंकच्या लोकांचा एरवीचा वैरी. त्या संध्याकाळी त्याच्या नावानंही ग्लास वर गेले. 3-0. ग्रीस वरच्या गटात. आणि ग्रीसच्या राष्ट्रीय संघाकडून गोल करणारा सगळ्यात लहान खेळाडू कोण, तर गेंकमध्ये जन्मलेलं हे पोरगं.

घरी येताना गाडीत ओंकारनं विचारलं, "आई, तो बेल्जियमचा आहे ना? मग ग्रीसकडून कसा?" मी म्हटलं, त्याचं घर ग्रीक आहे. तो थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. "मग मी?" ओंकारचा जन्म लूवनचा. डच माझ्यापेक्षा चांगलं बोलतो, मराठीत आबांशी भांडतो. मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, "आधी डावा पाय सुधार." त्यानं ते मनावर घेतलं, रोज संध्याकाळी गॅरेजच्या भिंतीवर धप धप चालू असतं.

मला भीती वाटत होती ती वेगळी. पोरगं दुसऱ्या देशाकडं गेलं, आता गेंकच्या मैदानावर लोक काय करतील? पुढच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा मुद्दाम कान देऊन बसले. संघ जाहीर होताना त्याचं नाव आलं आणि आवाज आधीपेक्षा मोठा झाला. आमच्या पुढच्या रांगेत एका बाबानं पोराच्या खांद्यावर ग्रीसचा झेंडा टाकला होता आणि गळ्यात गेंकचा मफलर. त्याला कुणी काही म्हणालं नाही, उलट मफलरवाल्या आजींनी त्या पोराला चॉकलेट दिलं. आबांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "रागावलं नाही कुणी?" मी म्हटलं, नाही. "मग चांगलं गाव आहे," ते म्हणाले. मैदानाविषयी आबांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही. 2017 मध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून उतरला तेव्हाही ते फक्त "पोरगं चांगलं आहे" म्हणाले होते आणि आत जाऊन देवापुढं साखर ठेवली होती.

जर्सीविषयी एक सूचना. ओंकारला निळी जर्सी घेतली आणि घाईत नाव-नंबर दुसऱ्याच एका गावातल्या दुकानातून छापून घेतले. ती चूक करू नका. दुसऱ्या धुण्यात शेवटचा 'एस' सुटला, चौथ्या धुण्यात शून्याची कड वर आली. दुकानदारानं "मशीनमध्ये धुतली असेल" म्हणून हात झटकले. जर्सी मशीनमध्ये नाही धुवायची तर कुठं? मी जुनं सुती पातळ वर ठेवून मंद इस्त्रीनं अक्षर परत बसवलं, त्याला आता सात महिने झाले, टिकलंय. आबा म्हणतात, त्यांच्या वेळी पाठीवरचा नंबर पेठेतला पेंटर ऑइलपेंटनं काढून द्यायचा, जर्सी फाटायची पण नंबर जायचा नाही. छपाई करायचीच तर क्लबच्या स्वतःच्या दुकानातून करा. धाकट्या मावसभावासाठी तिथून घेतलेली व्यवस्थित आहे.

बाकी किरकोळ. रात्रीच्या मॅचला लहान मूल नेऊ नका. परतीची गाडी पकडायची धावपळ होते आणि दुसऱ्या दिवशी शाळा असते. रविवारी दुपारची मॅच उत्तम. गोलच्या मागं उभं राहून गाणारे लोक असतात, मुलांना तिथलं काही दिसत नाही. लांबीच्या बाजूला, हल्ल्याच्या वेळी करेत्सास ज्या कडेनं येईल तिथली खालची सीट घ्या. तो बहुतेक उजवीकडून सुरुवात करतो आणि डाव्या पायावर आत वळतो. पण कधी मधोमधही फिरतो, त्यामुळं हमी नाही. हिवाळ्यात पायात दोन मोजे. लिम्बुर्खचा वारा लूवनपेक्षा बोचरा आहे.

मैदान आणि तिथली माणसं यांना माझ्याकडून पाचपैकी पाच. जेवणाला स्टेडियममध्ये तीन, फेनस्ट्राट धरली तर पाच. प्रवासाला साडेतीन.

आणि जायचं असेल तर लवकर जा. 15 नोव्हेंबर 2025 ला पिरेअसमध्ये ग्रीसनं स्कॉटलंडला 3-2 हरवलं. विश्वचषकाची वाट त्याआधीच बंद झाली होती, तरी दुसरा गोल करेत्सासनंच केला, अठरावा वाढदिवस चार दिवसांवर असताना. असं खेळणारं पोरगं गेंकला किती दिवस राहणार? कुर्त्वा गेला, डी ब्रॉयना गेला, हाही जाईल. आबांच्या व्हिसाचे कागद मी गेल्या आठवड्यात भरले. वसंत ऋतूत तीन तिकिटं काढायची आहेत, खालच्या रांगेतली, उजव्या बाजूची. मॅचच्या पाऊण तास आधी पोचायचं आणि वॉर्मअपमध्ये तो उंच बॉल खाली येईपर्यंत मी आबांकडं बघणार आहे.